मामा, मोतीला विचारा

मामांनी सकाळी सहाला घरच्या ग्रुपवर टाकलेला लांडग्याचा मेसेज दुपारपर्यंत माझ्या भाचीने सहावीच्या भाषणासाठी वहीत उतरवूनही घेतला. म्हणून हे लिहितोय, नाहीतर नेहमीसारखा अंगठा दाखवून सोडून दिला असता.

मेसेज असा: सिंह आळशी, सर्कशीत चाबकापुढे नाचणारा. लांडगा मात्र कधी गुलाम होत नाही, मेलेलं खात नाही, आई-बहिणीशी जोडी जमवत नाही, एकाच जोडीदारासोबत राहतो आणि म्हाताऱ्या आईबापांना पोसतो. शेवटी, ‘मुलांना लांडगा बनवा!’

‘कधी गुलाम होत नाही’ हे मामांनी पुढे ढकललं तेव्हा मोती त्यांच्या पायाशी बिस्किटासाठी शेपूट हलवत असणार. मामा, कुत्रा आला कुठून? लांडग्यांच्याच एका जुन्या वंशातून, निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी. सिंहाचं असं पाळीव घराणं अजून कुणाला काढता आलेलं नाही. सर्कशीत तो काही हौसेने गेला नव्हता, आणि १९९८च्या अधिसूचनेने आपल्याकडे तेही बंद केलं. दिवसाचा बराच वेळ लोळतो, हे मात्र खरं.

मेलेलं खात नाही म्हणे. आपल्याच माळरानावरच्या पोल्ट्रीमागे मेलेल्या कोंबड्या टाकतात, तिथे लांडगे कशाला येतात मग?

आता आई-बहिणीचं. अमेरिकेत सुपीरियर सरोवरात आयल रॉयल नावाचं बेट आहे. तिथल्या लांडग्यांचा अभ्यास १९५८पासून चालू आहे. हिवाळ्यात सरोवर पूर्वीसारखं गोठेना, बाहेरचा लांडगा येईना. आपसातच पिढ्या वाढल्या, मणक्यांत व्यंगं आली. २०१६ला दोनच उरले, एक नर, एक मादी. नात्याने बाप-लेक. वर दोघांची आई एकच, म्हणजे भाऊ-बहीणही. शेवटी २०१८पासून बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले. एरवी हे बहुतेक टळतं, कारण पिल्लं एक ते तीन वर्षांची झाली की बरीचशी कळप सोडून लांब निघून जातात. संस्कार वगैरे काही नाही.

आणि पोरं अशी घर सोडून गेल्यावर म्हाताऱ्यांना पोसणार कोण, हे मेसेज लिहिणाऱ्याला सुचलंच नाही.

जोडीदाराचं निम्मं खरं. जोडी बहुधा टिकते, पण एक मेला की दुसरा शोधतात. भाचीने तेवढी एक ओळ वहीत ठेवलीय, ‘बहुधा’ घालून.