बोटभर वायरीसाठी अख्खा चार्जर

परत तेच! लॅपटॉपच्या चार्जरची वायर पिनेपाशी सोलवटली. आतल्या बारीक तारा दिसतायत, आणि वायर एका ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंग होतं. ठोकळा ठणठणीत, पिन ठणठणीत. मेली ती बोटभर वायर. पण सुटी वायर मागितली की सर्व्हिस सेंटरवाला किडनी मागितल्यासारखा बघतो. ‘मॅडम, पूर्ण अडॅप्टरच घ्यावा लागेल.’ अरे, भिंतीकडची वायर ओढून काढता येते ना? मग तुटते तीच बाजू ठोकळ्यात कायमची का चिकटवता?

मग गाठा मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड. तिथे वायर मिळते, कुणीतरी जुनी कापून नवी सोल्डरही करून देतो. (आतली तार प्लस, बाहेरची जाळी मायनस, दोन्ही एकमेकींना टेकल्या की शॉर्ट.) पण आमच्या पिनेत मधोमध आणखी एक सुई! तिच्यातून म्हणे लॅपटॉप चार्जरची ओळख पटवून घेतो. ती नीट जोडली नाही तर मशीन चालतं, बॅटरी मात्र ढिम्म.

युरोपात २८ एप्रिल २०२६पासून नव्या लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं. छान. माझा लॅपटॉप जुना, डेडलाइन उद्याची, आणि घरातली चिकटपट्टीसुद्धा संपलीये.