संथ अपडेट घेणाऱ्यांसाठी चाचणीची मुदतवाढ: एका दाव्याचा प्रतिवाद

क्रोममधील एखाद्या प्रायोगिक सुविधेची ‘ओरिजिन ट्रायल’ (निवडक वेबसाइटना ती सुविधा ठरावीक काळ खऱ्या वापरकर्त्यांवर आजमावू देणारी चाचणी) संथ गतीने अपडेट होणाऱ्या वापरकर्त्यांसाठी वाढवण्याचा प्रस्ताव आला, की एक ठरावीक दावा पुढे पाठवला जातो, तो असा: अशी मुदतवाढ म्हणजे कच्ची सुविधा मागल्या दाराने कायम करणे होय. उशिरा अपडेट करणे ही त्या वापरकर्त्यांचीच निवड आहे. आणि सुविधा नसतानाही पान चालावे म्हणून वेबसाइटने पर्यायी कोड ठेवलेला असेल, तर चाचणी संपल्यापासून सुविधा पुन्हा मिळेपर्यंतच्या चार आठवड्यांच्या खंडाने कोणाचेही बिघडत नाही. या दाव्यामागची भीती निराधार नाही. मात्र येथे ती अस्थानी आहे.

मागल्या दाराची भीती इतिहासातून आली आहे. प्रायोगिक सीएसएससाठी (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेसाठी) ‘वेबकिट’ या दुसऱ्या ब्राउझर-इंजिनाच्या नावाचा उपसर्ग वापरणाऱ्या वेबसाइटची संख्या इतकी वाढली, की 2016 मध्ये फायरफॉक्सच्या 49व्या आवृत्तीला ते परके उपसर्गही ओळखणे भाग पडले. ओरिजिन ट्रायलची रचना नेमका हाच प्रकार टाळण्यासाठी आहे. वेबसाइटला नोंदणी करून टोकन, म्हणजे परवानगीचा संकेत, घ्यावे लागते, ते ठरावीक सुविधेपुरते आणि ठरावीक तारखेपर्यंतच चालते, आणि क्रोममध्ये उघडल्या जाणाऱ्या एकूण पानांपैकी 0.5 टक्क्यांहून अधिक पानांवर वापर गेला तर चाचणी बंद पडते. मुदतवाढीमुळे यातले एकही बंधन सैल होत नाही. शिवाय सुविधा सर्वांसाठी खुली करण्याचा निर्णय आधीच झालेला असेल, तर लपूनछपून आत आणण्यासारखे काही उरतच नाही. (तो निर्णय झालेला नसताना कोणी संथ वापरकर्त्यांची सबब पुढे करत असेल, तर मी आक्षेप घेणाऱ्यांच्याच बाजूचा आहे.)

मुळात ही गरज निर्माण होते ती वेळापत्रकातून. सप्टेंबर 2021 मध्ये, 94व्या आवृत्तीपासून, क्रोमची नवी आवृत्ती दर चार आठवड्यांनी येऊ लागली आणि त्याच वेळी संस्थांसाठी आठ आठवड्यांचे ‘एक्स्टेंडेड स्टेबल’ चॅनल (अपडेट मिळण्याचा वेगळा, संथ मार्ग) सुरू झाले, ज्यावर केवळ सम क्रमांकाच्या आवृत्त्या येतात. एखादी सुविधा 127व्या आवृत्तीत सर्वांना मिळणार आहे असे धरले, तर तेव्हा या चॅनलवरील संगणक 126 वर असतात आणि थेट 128 वर जातात. चाचणी 127 येताच संपवली, तर 126 वर कालपर्यंत चालणारी सुविधा बंद पडते आणि सुमारे चार आठवड्यांनी परत येते. मुदतवाढ फक्त हा खंड भरते. 127 वर टोकन असले काय नि नसले काय, फरक पडत नाही. सुविधा सम क्रमांकाच्या आवृत्तीत येणार असेल, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

निवडीचा मुद्दा थोडक्यात निकालात काढता येतो. चॅनल ठरवतो तो संस्थेचा आयटी विभाग, संगणकासमोर बसलेला कर्मचारी नव्हे. आणि हे चॅनल खुद्द ब्राउझर बनवणाऱ्यांनीच दिलेले असून त्यावर सुरक्षाविषयक दुरुस्त्या पोहोचवल्या जातात. त्यामुळे ते वापरणाऱ्यांना हलगर्जी ठरवता येत नाही.

पर्यायी कोडचा मुद्दा मात्र वजनदार आहे. इतर ब्राउझरमध्ये ती सुविधा नसल्याने असा कोड असायलाच हवा, हे मान्यच आहे. पण सुविधा मुळात नसणे आणि मिळालेली सुविधा मध्येच निघून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोकनची तारीख उलटते तेव्हा ब्राउझरची आवृत्ती बदललेली नसते आणि वेबसाइटनेही कोडला हात लावलेला नसतो, तरीही पान वेगळे वागू लागते. तक्रार आल्यावर आयटी विभाग अपडेटच्या नोंदी पाहतो तेव्हा त्याला काहीच सापडत नाही. वेबसाइटचा विकासक आपल्या 127व्या आवृत्तीवर तपासतो तेव्हा सारे सुरळीत चालते. ज्या संस्थांनी अचानक होणारे बदल टाळण्यासाठीच संथ चॅनल स्वीकारले, त्यांच्याच वाट्याला असा बदल दोनदा येतो: एकदा सुविधा जाताना, एकदा परत येताना.

या युक्तिवादाची व्याप्ती तेवढीच आहे. क्रोम ओएस या संगणक प्रणालीच्या सहा महिन्यांच्या दीर्घकालीन चॅनलसाठी कोणी मुदत मागितली, तर ती याच कारणावर देता येणार नाही, कारण तेवढ्या काळात चाचणी तात्पुरती राहत नाही. आठ आठवड्यांच्या चॅनलसाठी केलेल्या प्रस्तावात चाचणीची शेवटची आवृत्ती कोणती आणि सुविधा कोणत्या आवृत्तीत खुली होणार, एवढे दोन क्रमांक लिहिलेले असले, की मागणी रास्त आहे की नाही हे कोणालाही पडताळता येते.