टायर मोठे टाकलेत, मग हवा जुन्याच आकड्यावर का?

थार, जिमनी, गुरखा चालवणाऱ्या सगळ्या दोस्तांसाठी लिहितोय. मोठे टायर घ्यायचे म्हटलं की आपण महिनाभर खल करतो. एटी (सगळ्या रस्त्यांसाठी) की एमटी (चिखलासाठी), पांढरी अक्षरं बाहेर की आत, कुठे दोन हजार कमी पडतील. आणि टायर बसले की पंपावरचा पोरगा विचारतो, "पस्तीस टाकू?" आपण मान डोलावतो. एवढा पैसा ओतल्यावर गाडी रस्त्याला ज्या हवेवर टेकते, तिचा निर्णय आपण त्या पोरावर सोडतो, याचा मला खरंच त्रास होतो.

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा कंपनीने दिलेल्या टायरसाठी असतो. टायर बदलला की तो तसाच्या तसा लागू होत नाही. साईडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, कोरलेले 50 किंवा 80 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हेही रोजच्या वापरासाठी नसतात, पूर्ण भार उचलताना लागणारी ती हवा असते. थारसारख्या गाडीत 80 भरून ताम्हिणी घाटात पावसात उतरायचा विचारही करू नका. टायर मधोमध फुगतो, कडा रस्त्याला नीट टेकत नाहीत आणि ब्रेक लागायला वेळ जातो.

खरी मेख टायरच्या जातीत आहे. 265/70 आर17 हा एकच साइज घ्या. साध्या पॅसेंजर प्रकारात लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) 115 असेल, तर तो साधारण 35-36 पीएसआयला 1215 किलो उचलतो. त्याच साइजचा एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड वापराचा), लोड रेंज सी (ताकदीचा वर्ग), इंडेक्स 112 असलेला टायर 1120 किलो उचलायला 50 पीएसआय मागतो. म्हणजे जाड, दणकट टायर घेतला की तेवढ्याच वजनाला हवा जास्त लागते! उलट, जात तीच ठेवून नुसता साइज वाढवला, तर आत हवेला जागा जास्त मिळते आणि थोडी कमी हवाही पुरते. म्हणून "मोठा टायर, कमी हवा" हे सरसकट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या टायरवर एलटी लिहिलंय का, ते आधी बघा. मग कंपनीच्या लोड तक्त्यात जुना टायर स्टिकरच्या हवेवर किती किलो पेलत होता ते काढा, आणि नवा टायर तेवढेच किलो किती हवेवर पेलतो ते शोधा. त्या आकड्याच्या खाली डांबरी रस्त्यावर जायचं नाही, गाडी कितीही उडाली तरी.

कमी हवेचं मला जास्त भय वाटतं, कारण ती बसायला छान लागते. खड्डे जाणवत नाहीत, घरचे खूश. पण साईडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि तापत जाते. समृद्धी महामार्गावर 701 किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता, ताशी 120 ची वेगमर्यादा आणि विदर्भातला मे महिना, तिथे ही उष्णता जीवावर बेतू शकते. अमेरिकेत 2000 साली फोर्ड एक्स्प्लोररवरच्या फायरस्टोन टायरांचं प्रकरण गाजलं. टायरांचे ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारे नक्षीचे थर, सुटून गाड्या उलटत होत्या, अडीचशेहून जास्त माणसं गेली. टायरमध्ये दोष होतेच, पण फोर्डने सुचवलेली 26 पीएसआयची हवा आणि गरम राज्यांतला वेग यांवरही मोठा वाद झाला. त्यानंतरच तिथे नव्या गाड्यांना हवेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

तक्त्यातून किमान आकडा मिळाला की खडू घ्या. ट्रेडवर आडवी जाड रेघ मारा आणि सपाट, सरळ रस्त्यावर शे-दोनशे मीटर गाडी चालवा. मधलाच खडू गेला तर दोन-दोन पीएसआय कमी करा, पण किमान आकड्यापर्यंतच. कडांचा गेला तर वाढवा. पुढचे आणि मागचे टायर वेगळे बघा, डिझेल इंजिनचं वजन पुढे असतं. रोज जेवढी माणसं बसतात तेवढ्यांसह हे करा. मागे सामान लादून कोकणात निघालात तर मागची हवा वाढवायची.

मोजायचं सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. टायर तापला की तीन-चार पीएसआय आपोआप चढतात. ते बघून कोणी हवा सोडायला निघाला तर हात धरा. स्वतःचा चांगला गेज घ्या. गाडीतली टीपीएमएस (हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा) जुन्या टायरच्या हिशोबाने लावलेली असते, तिचा दिवा लागेपर्यंत एलटी टायर बराच खाली गेलेला असतो.

आणि मागच्या दारावरची स्टेपनी. तीही मोठीच टाकली असेल, तर तिच्यात पुढच्या-मागच्यांपैकी जो आकडा जास्त आहे त्याहून दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा. घाटात रात्री टायर बदलताना हवा सोडता येते, भरायला पंप शोधावा लागतो.