रोजच्या ॲलर्जीच्या गोळीची ‘सवय’

‘ॲलर्जीची गोळी रोज घेऊ नका. शरीराला सवय लागते, मग गुण येत नाही, किडनी जाते. त्रास झाला तरच घ्या, मूळ पदार्थ शोधून सोडा.’ हा मजकूर मला आतापर्यंत चार जणांनी काळजीपोटी पाठवलाय. माझ्या अंगावर पित्त उठतं आणि नाकही सतत वाहतं, म्हणून.

आधी सवय. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन या ॲलर्जीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, आणि महिनोन्‌महिने घेऊन गुण कमी होतो असंही दिसलेलं नाही. गोळी सोडल्यावर अंगावरच्या गांधी परत येतात, कारण आजार गेलेलाच नसतो. एक मात्र खरं: सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन दीर्घकाळ रोज घेऊन थांबवल्यावर क्वचित काहींना जबर खाज सुटते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये तसा इशारा दिलाय. तेव्हा बंद करायची तर डॉक्टरांना विचारून.

सवय लावतो तो वेगळाच गडी: चोंदलेलं नाक मिनिटांत उघडणारा झायलोमेटाझोलिनचा स्प्रे. तो काही दिवसांपलीकडे मारत राहिलात तर नाक उलट जास्तच चोंदतं. मोमेटासोन, फ्लुटिकासोन हे स्टेरॉइडचे स्प्रे तसे नाहीत. त्यांचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडेही लागतात, म्हणून ‘लागेल तेव्हा’ मारून फारसा उपयोग नाही. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, स्प्रेचं तोंड कानाच्या दिशेला. मधल्या पडद्यावर फवारलं की रक्त येतं. मी ते करून बसलोय.

‘त्रास झाला तरच’ हे गांधींनाही लागू नाही. हिस्टामिन, म्हणजे गांधी उठवणारं शरीरातलंच रसायन, आपल्या जागी जाऊन बसण्याआधी गोळी तिथे हवी. एकदा मी मनगटावरच्या गांधीभोवती पेनाने गोल काढला. सकाळी गोल होता, गांधी नव्हती. दुसरी मांडीवर उठली होती. आता हिच्यासाठी कुठला पदार्थ सोडू? सहा आठवड्यांहून जास्त चाललेल्या पित्तात बाहेरचं कारण बहुधा सापडतच नाही. अनेकदा आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या पेशींना डिवचत असते. मी अंडी सोडली, दूध सोडलं. वजन उतरलं, पित्त तसंच.

किडनी गोळीने जात नाही. ती आधीच अधू असेल तर सेटिरिझिनचा डोस कमी करावा लागतो, एवढंच.

नेहमीच्या डोसने भागलं नाही तर डॉक्टर तो चौपटीपर्यंत वाढवतात, पुढे ओमालिझुमॅबचं इंजेक्शन असतं. रोजच्या गोळीला घाबरणारे मात्र पित्त भडकलं की मनानेच प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी गिळतात. हाडं झिजवणारी, साखर वाढवणारी गोळी ती आहे, आणि तिच्याबद्दल त्या मजकुरात एक ओळ नाही.