फोटो टाकायचे तर आधी आत्याला घराबाहेर काढा

तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन. घर रिकामं करायला आता तुमच्याकडे एकवीस दिवस आहेत, माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, आणि बिल्डरच्या भाड्यात जे घर मिळालंय त्याला माळाच नाही. फॉल्स सीलिंग आहे. फॉल्स सीलिंगवर आजोबा ठेवता येत नाहीत.

तेव्हा फोटो टाकायला शिका. मी नुकताच शिकलोय, त्यामुळे माझा उत्साह अजून ताजा आहे.

पहिली गोष्ट मुहूर्ताची. ट्रंक रविवारी उघडायची नाही. मंगळवारी दुपारी, आत्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेली असताना उघडायची. आत्या घरात असली की काम आटोपलं म्हणून समजा. तिला दिसतं कमी, पण फोटो नाकाशी धरून ती सुरू होते, "अरे, ही हार्मोनियमवाल्यांची धाकटी. हिला पुढे नगरला दिली. नवरा एसटीत होता. फार हसायची." झालं! मघापर्यंत ती नुसती दोन वेण्या घातलेली, डोळे मिटलेली एक मुलगी होती. आता तिला माहेर मिळालं, सासर मिळालं, एसटीतला नवरा मिळाला. एवढा संसार केराच्या टोपलीत मावत नाही. म्हणून नियम लक्षात ठेवा, नाव कळायच्या आत फोटो टाकायचा. अनोळखी माणसं टाकायला काहीच लागत नाही, आणि थोडा धीर धरलात तर सगळीच माणसं अनोळखी होतात. त्यासाठी तुम्हाला स्वतःला काही करावं लागत नाही. आत्याचं वय चौऱ्याऐंशी आहे.

पुण्यातल्या काही घराण्यांना या कटकटीतून परस्पर सुटका मिळाली. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या कित्येक घरांचे आल्बम एका दिवसात निकालात निघाले. (माणसंही गेली त्या पुरात, तेव्हा हा विनोद ताणत नाही.) पण त्यानंतर पुण्यात कुठलीही वस्तू सापडेनाशी झाली की ती "पानशेतात गेली" असं म्हणायची सोय झाली. आमच्या आजोबांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट पानशेतात गेलं. आजोबा मॅट्रिक झाले होते का, हा प्रश्नही त्याच्याबरोबर गेला. मुंबईत तळमजल्यावर राहणाऱ्यांना अशी संधी 26 जुलै 2005ला मिळाली. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी लोक गॅलरीतल्या दोरीवर लग्नाचे फोटो चिमट्यांनी वाळत घालत होते. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता. तुम्हाला हे काम हातानेच करावं लागणार.

रद्दीवाल्याकडे जाऊ नका. मी गेलो होतो. त्याने आल्बमचा पुठ्ठा वाजवून पाहिला, पान उलटलं आणि म्हणाला, "साहेब, हे नाय चालत." माझ्या मुंजीला "हे नाय चालत" म्हणणारा तो पहिलाच माणूस. पण त्याचं बरोबर होतं. रंगीत फोटोचा कागद दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या पातळ थराने मढवलेला असतो, त्याचा लगदा होत नाही. वर्तमानपत्राला भाव आहे, पुठ्ठ्याला आहे, जुन्या एक्स-रेलाही आहे, कारण त्यात चांदी असते. म्हणजे आजीच्या मोडलेल्या खुब्याचं चित्र विकलं जातं, आजीचं विकलं जात नाही. जाळायचा विचार असेल तर तोही सोडा. वास सुटतो, आणि शेजारच्या काकू "काय जाळताय?" असं विचारायला येतात. त्यांना काय उत्तर देणार?

घाई नसेल तर एक अहिंसक उपायही आहे. नुसतं थांबायचं. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो अंधारात ठेवले तरी त्यांच्यातला निळा-हिरवा रंग आधी विरतो आणि मागे लाल उरतो. आमच्या घरातली त्या काळातली सगळी मंडळी आता गुलाल उधळून आल्यासारखी दिसतात, निवडणूक कुणीच लढवली नव्हती तरी. आणि आजीच्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो मात्र ठणठणीत. त्यातली आजी अजून तशीच रागावून बघते आहे. कडेला जराशी चांदी चमकायला लागली आहे, एवढंच. तिच्या बाबतीत थांबून उपयोग नाही, ती आपल्याला पुरून उरणार.

मग तुमचा भाचा म्हणेल, "मामा, स्कॅन करू ना." करू द्या. मुलांचा उत्साह मोडू नये. आमच्या भाच्याने दोन दिवसांत अकराशे फोटो मोबाइलवर घेतले. ते आता ढगात आहेत. आमच्या लहानपणी वर गेलेल्या माणसांबद्दलही हेच सांगायचे. गूगलने 1 जून 2021पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली, त्यामुळे पंधरा जीबीच्या वर गेलेल्या पूर्वजांना आता दरमहा भाडं पडतं. ट्रंकेला पडत नव्हतं. पण ट्रंक जुनाट.

स्कॅन करताना फोटोची फक्त पुढची बाजू घ्यायची, हे विसरू नका. मागच्या बाजूला स्टुडिओचा जांभळा शिक्का असतो, तारीख असते, आणि बोरूने लिहावं तसं तिरकं, शाई पसरलेलं काहीतरी असतं. आमच्याकडे एका तान्ह्या बाळाच्या फोटोमागे आजोबांच्या अक्षरात लिहिलंय, "चि. बाळ, वय 5 महिने. दुसरी प्रत काढू नये." का काढू नये? घरात त्या वर्षीचं बाळ कुणाच्या आठवणीत नाही. आत्याला विचारलं तर ती उठून चहा टाकायला गेली. असले प्रश्न ढगात न्यायचे नसतात, म्हणून मागची बाजू घ्यायची नाही. पुढच्या बाजूला फक्त आयएमजी 4471 असं नाव पडतं. सुटसुटीत.

टाकाऊ म्हणून सगळ्यात आधी हाताला लागतील ते रोल संपवायला काढलेले फोटो. तरुण वाचकांसाठी सांगतो, रोल छत्तीस फोटोंचा असे. हात हलका असेल तर सदतिसावाही निघे. गणपतीला घातलेला रोल दिवाळीपर्यंत पुरवायचा, आणि मग धुवायला टाकायची घाई झाली की उरलेले तीन-चार कशाचेही काढायचे. कुंडीचा, स्कूटरचा, भांडी घासत असताना "मेलं माझं ध्यान काय काढतोस" म्हणणाऱ्या आईचा. हे बिनदिक्कत टाका. समारंभातल्या फोटोंत सगळे फोटोसाठी उभे असतात, शालू नेसलेले, हार घातलेले, श्वास रोखून धरलेले. या फुकट घालवलेल्या तीन-चारांत मात्र मोरीतली पितळी बादली आहे, दाराच्या खिळ्याला लावलेली रेशनची पिशवी आहे, आणि हाताच्या कोपराने कपाळावरचे केस मागे सारणारी आई आहे. या असल्या गोष्टी घेऊन नव्या कार्पेट एरियात जायचं का? मॉड्युलर किचनला शोभेल का ती बादली?

(मी त्यातला एक शर्टाच्या खिशात ठेवला. तो मोजत नाही. बुकमार्क म्हणून ठेवलाय.)

राहता राहिला घरातल्या भांडणांचा प्रश्न. प्रत्येक ट्रंकेत एक तरी कापलेला फोटो असतो. आमच्याकडे गावच्या घराच्या अंगणातला आहे. कलमांच्या बागेवरून थोरले काका आणि मधले काका यांचं वाजलं, सात-बाऱ्यावरून कोर्टात गेलं, आणि त्याच आठवड्यात थोरल्या काकूंनी शिवणाच्या कात्रीने मधल्या काकांना फोटोतून उभं कापून काढलं. कापणी सरळ होती, काकूंचा ब्लाउजच्या कापडावरचा हात होता तो. पण मधल्या काकांनी फोटो काढताना थोरल्यांच्या खांद्यावर हात टाकला होता. तो कापायचा तर थोरल्यांची मान जात होती. म्हणून हात राहिला. पुढे तीसेक वर्षं तो फोटो बाहेरच्या खोलीत भिंतीवर होता. थोरले काका, आणि त्यांच्या खांद्यावर मनगटापासून चार बोटं आणि एक अंगठी. आम्ही पोरं विचारायचो, "हा हात कुणाचा?" काकू सांगायच्या, "फोटोग्राफरचा." फोटोग्राफरचा हात फोटोत कसा आला, असं विचारायची आमची छाती नव्हती.

ही अडचणही आता राहिली नाही. भाच्याने मोबाइलवर त्या हाताभोवती बोटाने गोल काढला आणि बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात हात गेला, अंगठी गेली, खांद्यावर शर्टाच्या रेघासुद्धा जिथल्या तिथे उमटल्या. काकूंना कात्रीने जमलं नाही ते बोटाने झालं. आम्ही दोघांनी मूळ फोटो टाकायच्या ढिगात ठेवला आणि चहा प्यायलो.

संध्याकाळी आत्या परत आली. मोबाइल नाकाशी धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सगळं ठीक आहे रे, पण हा असा एका बाजूला कलून का उभा आहे?"