१४२८५७ : पिरॅमिडचं गूढ नव्हे, सातचा भागाकार

‘पिरॅमिडमध्ये सापडलेली गूढ संख्या’ म्हणून १४२८५७ वर्षानुवर्षं फॉरवर्ड होते आहे. १ ते ६ ने गुणलं की तेच अंक फिरून येतात, ७ ने गुणलं की ९९९९९९, आणि जगात अशी दुसरी संख्याच नाही, असा एकूण दावा. गुणाकार बरोबर आहेत. उरलेलं तपासू.

‘पिरॅमिडमध्ये सापडली.’ प्राचीन इजिप्तमध्ये अंकांना स्थानिक किंमत नव्हती आणि दशांश अपूर्णांकही नव्हते. तिथे मुख्यतः अंश १ असलेले अपूर्णांक चालत. तिथल्या ऱ्हिंड पपायरस या गणिताच्या प्राचीन हस्तलिखितामध्ये २/७ म्हणजे १/४ + १/२८. मग ही अंकमाला त्यांच्यासमोर यायची कुठून?

‘अंक का फिरतात, हे कोडं आहे.’ १ ला ७ ने कागदावर भागून पाहा. भागाकारात १, ४, २, ८, ५, ७ येतात आणि बाकी क्रमाने ३, २, ६, ४, ५, १ उरते. सातने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या संभवतात. इथे त्या सहाही एकेकदा येऊन चक्र पूर्ण होतं. २/७ काढताना आपण याच चक्रात बाकी २ पासून शिरतो, म्हणून अंक येतात २, ८, ५, ७, १, ४. ९९९९९९ चं म्हणाल, तर त्याला ७ ने भागूनच १४२८५७ मिळते. उलट गुणल्यावर दुसरं काय येणार?

‘८ ने गुणलं की जादू मोडते.’ उत्तर ११४२८५६. सहा अंकांपलीकडे गेलेला पहिला १ उरलेल्या १४२८५६ मध्ये मिळवा, पुन्हा १४२८५७.

‘अशी दुसरी संख्या नाही.’ आहे. १/१७ चे सोळा अंक घ्या: ०५८८२३५२९४११७६४७. दुपटीत ११७६४७०५८८२३५२९४, तेच चक्र. सुरुवातीचं शून्य मात्र गाळू नका, फिरणं तिथेच बिघडतं. पडताळा एक्सेलमध्येही नको. ते पंधराच सार्थ अंक ठेवतं आणि शेवटच्या ४ चं शून्य करतं. शंभरच्या आत ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७ या नऊ मूळ संख्यांना हे जमतं. १३ ला नाही: ०७६९२३ ची दुप्पट १५३८४६, म्हणजे वेगळंच चक्र. सुरुवातीला शून्य नसलेली, एकाहून जास्त अंकांची अशी संख्या दशमान पद्धतीत एकच, १४२८५७. दाव्यातला खरा भाग एवढाच.

‘हा विश्वाचा नियम आहे.’ फक्त ० ते ७ हे अंक वापरणाऱ्या आठ पायाच्या पद्धतीत १/७ म्हणजे ०.१११… एकच अंक, फिरायला काही नाहीच.

खरी मजेदार गोष्ट फॉरवर्डमध्ये सहसा नसते. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९; २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. म्हणजे ही कापरेकर संख्या आहे: वर्गाचे दोन तुकडे केले की त्यांची बेरीज तीच संख्या. तिच्याआधीच्या १४२८५६ ला ७ ने भाग जातो, त्यामुळे वर्ग आणि १४२८५७ यांच्यातल्या फरकाला, म्हणजे १४२८५७ × १४२८५६ ला, ९९९९९९ ने नि:शेष भाग जातो आणि बेरीज जुळते.