बेलची 'मार्गारेट हॅलो' कुठून काढली रे बाबांनो

काल ताईकडे गेलो तर भाची भलतीच खुशीत. सातवीत आहे. शाळेच्या परिपाठात 'आजचा इंग्रजी शब्द' तिच्याकडे होता, तिने 'हॅलो' घेतला आणि म्हणे टाळ्या पडल्या. काय सांगितलंस म्हटलं, तर घडाघडा म्हणून दाखवलं. फोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलच्या गर्लफ्रेंडचं नाव मार्गारेट हॅलो, त्याने पहिला फोन तिलाच लावला, पहिला शब्द 'हॅलो' उच्चारला, म्हणून जग बेलला विसरलं पण त्याच्या प्रेमाला नाही विसरलं. कुठून आणलंस हे? आजीच्या व्हॉट्सॲपवरून. आजी म्हणजे माझी आई, आणि आईला आत्याने पाठवलेलं. माझ्याकडे हे वर्षातून चारदा येतं, मी बघून सोडून देतो, पण आता ते शाळेत माईकवर वाचलं गेलंय म्हटल्यावर गप्प बसवेना.

आत्याच्या मेसेजला पुढे शेपूट पण आहे, हॅलोमध्ये 'हेल' म्हणजे नरक आहे म्हणून कुणाला हॅलो म्हणू नका, इंग्रज लोक स्वतः समोरासमोर म्हणत नाहीत, वगैरे. येतो तिकडे.

आधी ती मार्गारेट. बेलच्या आयुष्यातल्या बाईचं नाव मेबल हबर्ड. ती त्याची विद्यार्थिनी, मग वाग्दत्त वधू, आणि ११ जुलै १८७७ ला बायको. आता नीट ऐका, मेबलला लहानपणी, पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हर झाला आणि तिचं ऐकणं गेलं ते कायमचं. ती ओठांच्या हालचालींवरून समोरच्याचं बोलणं ओळखायची. बेलचा मूळ पेशाच बहिऱ्या मुलांना शिकवण्याचा, त्याच्या आईलाही नीट ऐकू यायचं नाही. म्हणजे ज्या माणसाची बायको फोनवरचा एक शब्द ऐकू शकत नव्हती त्याच्या नावावर तुम्ही फोनवरची लव्हस्टोरी खपवताय! खरी गोष्ट तुमच्यापेक्षा कितीतरी चांगली आहे हो, लग्नात त्याने टेलिफोन कंपनीतले स्वतःचे जवळजवळ सगळे शेअर मेबलच्या नावावर केले, स्वतःला ठेवले फक्त १०. पण ते फॉरवर्ड कोण करणार.

आणि पहिला फोन गर्लफ्रेंडला लावायचा तर तिच्याकडे फोन नको का? १० मार्च १८७६ ला बॉस्टनमध्ये जगात ते एकच यंत्र चालू झालं होतं, एक टोक बेलकडे आणि दुसरं शेजारच्या खोलीत त्याचा सहाय्यक वॉटसन. बेल म्हणाला, मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय. हे त्याने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलंय, ती वही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि ऑनलाईन कुणालाही बघता येते. त्यात हॅलो नाही. बेलला तर हॅलो आवडायचाच नाही, तो खलाशांचा 'अहॉय' वापरायचा. त्याचं चाललं असतं तर आज आपण सगळे फोन उचलून 'अहो' म्हटल्यासारखं काहीतरी म्हणालो असतो, माझ्या काकूची सोय झाली असती.

मग हॅलो आला कुठून? फोनवर आणायचं श्रेय एडिसनला. त्याचं १५ ऑगस्ट १८७७ चं एक पत्र आहे, पिट्सबर्गच्या एका टेलिग्राफ कंपनीच्या अध्यक्षाला लिहिलेलं. तेव्हा प्रश्न असा होता की पलीकडच्या माणसाला बोलवायचं कसं, घंटी बसवायची का. एडिसन लिहितो, घंटीची गरज नाही, 'हॅलो' म्हटलेलं १० ते २० फुटांवरून ऐकू येतं. म्हणजे हॅलो ही चक्क हाळी होती, आपण नदीच्या या काठावरून नाववाल्याला देतो तशी. (हाळीवरून हॅलो आला असं उद्या कुणी पसरवू नका, कृपा करा. आवाज जुळतो, बाकी काही नाही.) शब्द तर त्याच्याही आधीचा, १८२० च्या दशकात अमेरिकेत छापलेला सापडतो आणि बेल जन्मला १८४७ मध्ये. प्रेयसीचं नाव जन्माआधीच ठरलेलं होतं वाटतं.

आता तो नरक. इंग्रजी हॅलो (hello) आला hallo, hollo, hullo अशा हाका मारायच्या शब्दांवरून, हेलशी त्याचा काही संबंध नाही. अक्षरं फोडून अर्थ काढायचा तर 'विषय' मध्ये विष आहे, मग सातवीच्या पोरांना रोज काय देताय?

इंग्रज समोरासमोर म्हणत नाहीत हे तर साफ चूक. दुकानात, लिफ्टमध्ये, ऑफिसात सगळीकडे म्हणतात. पण यात अर्धी गोष्ट खरी आहे, मान्य करतो. फोनच्या आधी हॅलो हे लक्ष वेधायला किंवा आश्चर्य दाखवायला म्हणायचे, नमस्कारासारखं भेटीचं अभिवादन म्हणून तो रुळला तो मुख्यतः फोनमुळे. शिकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की 'हाय' मित्राला, आणि 'हॅलो' अनोळखी माणसाला, सरांना, कुणालाही चालतो, त्यात उद्धटपणा नाही. फोनवर मध्येच 'हॅलो? हॅलो?' म्हणजे आवाज येतोय का. आणि ओढून 'हॅलोऽऽ' म्हटलं की जागा आहेस का असा टोमणा, तो सरांना मारू नका.

हॅलोऐवजी वंदे मातरम् म्हणा असं २०२२ च्या गांधी जयंतीपासून राज्य सरकारनेही कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं. म्हणा की, राम राम म्हणा, जय महाराष्ट्र म्हणा. त्यासाठी मार्गारेट कशाला जन्माला घालायची?

भाचीला चार ओळी लिहून दिल्यात, मेबलच्या. सोमवारी वाचशील ना म्हटलं, तर म्हणते मामा, सोमवारी परिपाठ 'ब' तुकडीचा आहे.